दोन हजार चारशे अठरा वेळा

"दोन हजार चारशे अठरा," ग्रंथपालबाईंनी आकडा वाचला आणि चष्मा वर सारून पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. "हो, बरोबर आहे. दोन हजार चारशे अठरा वेळा."

टेबलाभोवती बसलेल्या कमिटीच्या पाचही माणसांनी माना वर केल्या. चहाचा ट्रे घेऊन आत येणारे वाचनालयाचे शिपाई, मामा, दारातच थांबले.

"आणि दुसरा नंबर?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्र्याण्णव. तिसरा एकसष्ट. तुमचं वाचन, सर, चौतीस."

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. आकडा ऐकून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "त्या चौतिसातले वीस तर माझ्या घरचेच असतील," ते म्हणाले आणि सगळे हसले.

विषय वाचनालयाच्या वेबसाइटचा होता. पाच वर्षांपूर्वी बाई नव्याने आल्या तेव्हा त्यांनीच ती सुरू केली होती. पुस्तकांची यादी, उघडण्याच्या वेळा, नवीन आलेली पुस्तकं हे सगळं त्यावर होतंच. पण बाईंचा जीव होता तो एका कोपऱ्यात. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'ऐका आणि न्या'. आपल्या आवडीच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण एखाद्या वाचकाने मोठ्याने वाचायचं, ते वेबसाइटवर ठेवायचं. लोकांनी घरबसल्या ऐकायचं आणि पुढचं कळावं म्हणून पुस्तक न्यायला यायचं. "पहिलंच प्रकरण, जास्त नाही," बाई म्हणायच्या. "जीव टांगणीला लागला की पाय आपोआप इकडे वळतात."

"मामींनी वाचलेली गोष्ट पहिली आली, मामा!" बाई दाराकडे वळून म्हणाल्या. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "ऐकलंत ना? सगळ्यांत पहिली!"

मामांनी मान हलवली. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"कमाल आहे," खजिनदार म्हणाले. "मी ऐकलंय ते. आवाज खरखरता, मध्येच खोकला, मध्येच पाणी काय मागतात. तरी लोक तुटून पडतायत!"

"गोष्टीतच दम असणार."

"तेच म्हणतो मी. मग हीच गोष्ट जर कुणी तयार आवाजात वाचली तर?"

"पुस्तक किती जणांनी नेलं?" आतापर्यंत गप्प बसलेल्या सेक्रेटरींनी विचारलं.

बाईंनी रजिस्टर चाळलं. "पुस्तक... चार."

"चार? चोवीसशे लोक ऐकतात आणि चार जण नेतात?"

मामा कप मांडत होते. आता कुणीतरी मान वर करून आपल्याकडे बघणार असं त्यांना वाटलं. पण अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली.

"बघा! म्हणजे ऐकायला येतात आणि कंटाळून जातात. आवाज बदला, पुस्तक जाईल."

हे सगळ्यांना पटलं. खजिनदारांची मेव्हणी रेडिओवर होती, ती आनंदाने वाचून देईल असं ठरलं. मागे थोडी बासरी घालायचंही ठरलं. ठराव लिहून झाला, तेव्हा अध्यक्षांना काहीतरी आठवलं. माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मामा, तुमच्या मंडळींचा आवाज आहे तो. तुमची काही हरकत नाही ना?"

खोलीतली सगळी माणसं त्यांच्याकडे पाहू लागली.

"माझी कसली हरकत, साहेब," मामा म्हणाले.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे वाक्य शेकडो वेळा म्हटलं होतं. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तेव्हा, गोदामातली कपाटं एकट्याने हलवायला सांगितली तेव्हा. जिभेला वळणच पडलं होतं. शिवाय त्यांना वाटलं, नवीन गोष्ट जुनीच्या शेजारी येईल. कपाटात एका पुस्तकाशेजारी दुसरं येतं, तसं. नवीन पुस्तक आलं म्हणून जुनं कुणी फेकून देत नाही.

मामा नोकरीला लागले तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी अशी काही लपवली होती की विचारू नका. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेले आकडे त्यांना ओळखता यायचे आणि आकड्यांवर कपाट लावता येतं. उरलेलं काम रंगावर आणि जाडीवर भागायचं. "ते निळं जाडं पुस्तक ना, दुसऱ्या कपाटात, खालून तिसरा कप्पा," असं त्यांनी सांगितलं की वाचक चाट पडायचे. या माणसाने सगळं वाचनालय वाचून काढलंय अशीच गावाची समजूत होती. लग्न जमवतानाही मुलीकडच्यांना तेच सांगितलं गेलं. मुलगा पुस्तकांत असतो.

मामींना खरं कळायला आठ दिवस लागले. त्यांनी एकदा जेवणाच्या डब्यात चिठ्ठी ठेवली होती. 'आज मीठ जास्त पडलंय, रागावू नका.' मामा संध्याकाळी घरी आले, डबा ठेवला आणि म्हणाले, "चिठ्ठी वाचली बरं का. म्हणून तर लवकर आलो." दुसऱ्या दिवशी डब्यात पुन्हा चिठ्ठी होती, पण तिच्यावर अक्षर नव्हतं. एक हसरा चेहरा काढलेला होता. पुढची अठरा वर्षं त्यांनी चिठ्ठ्यांवर चित्रंच काढली आणि त्याबद्दल घरात एक शब्दही निघाला नाही.

मामी शिवणकाम करायच्या. वाचनालयातली पानं सुटलेली पुस्तकं मामा घरी आणायचे आणि मामी ती जाड सुईने शिवून द्यायच्या. असंच एक दिवस एक जुनं पुस्तक आलं. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस अशा गावात येतो, जिथे कुणाकडेच घड्याळ नसतं, अशी काहीतरी गोष्ट होती. मुलंबाळं नव्हती, घरात दोघंच. मामींनी पुस्तक शिवलं, दोरा दाताने तोडला आणि ते मामांच्या पुढ्यात सरकवलं.

"हे आता तुम्ही वाचायचं."

"मी?"

"मग काय शेजारी?"

मामांनी पुस्तक हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मीठ जास्त पडलं तेव्हापासून."

"आता या वयात काय वाचणार गं मी?"

"या वयात गुडघे दुखतात, डोळ्यांना काय धाड भरलीय? या इकडे. बोट ठेवा."

पहिलं प्रकरण वाचायला अकरा महिने लागले. मामी आधी एक ओळ वाचायच्या, मग मामा तीच ओळ बोट ठेवून वाचायचे. एखादं जोडाक्षर आलं की मामा तिथेच बसकण मारायचे आणि मामी म्हणायच्या, "ढकला, ढकला, गाडी घाटात अडकली." बेचाळिसाव्या वर्षी माणसाला इतकं हसवून शिकवणारा मास्तर मिळायला नशीब लागतं.

त्यामुळे बाईंनी 'ऐका आणि न्या' सुरू केलं आणि मामींना बोलावलं, तेव्हा मामींनी दुसरं पुस्तक घेतलंच नाही. जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांच्या खोलीत रेकॉर्डिंग झालं, कारण तिथे आवाज घुमत नव्हता. बाईंनी आपला मोबाइल पुढे धरला होता. मामींनी बावीस मिनिटं वाचलं. सातव्या मिनिटाला त्यांचा घसा सुकला. "अहो, पाणी द्या जरा," त्या वाचता वाचता म्हणाल्या, "आणि तिथे दारात उभे राहू नका, मला हसू येतं." मग चपलांचा आवाज, पेल्याचा आवाज, पाणी पिण्याचा आवाज आणि मामींचं हसू. "हे काढून टाका हो बाई," मामी म्हणाल्या होत्या. पण बाई म्हणाल्या, "राहू दे. घरात बसून ऐकल्यासारखं वाटतं."

त्यानंतर आठ महिन्यांनी मामी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. पाचव्या दिवशी घरात मामा एकटे होते आणि मशीनवर अर्धवट शिवलेलं एक पुस्तक होतं.

महिनाभराने ते वाचनालयात झाडत होते. मुलांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दोन मुली काहीतरी ऐकत बसल्या होत्या. "अहो, पाणी द्या जरा," आवाज आला. मामांनी झाडू भिंतीला टेकवला आणि माठाकडे निघाले. चार पावलं गेल्यावर त्यांना कळलं.

तेव्हापासून त्यांची एक ते चारची सुट्टी त्या टेबलावर जाऊ लागली. दुपारी वाचनालय बंद असायचं. मामा दार ओढून घ्यायचे, डबा उघडायचे, हेडफोन लावायचे. घरी मामींचे दोन फोटो होते, पण फोटो बोलत नाहीत. त्यांचा आवाज जगात एवढाच उरला होता, बावीस मिनिटं. ते जेवायचे आणि ऐकायचे. डबा धुवून यायचे आणि पुन्हा एकदा ऐकायचे. हे चार वर्षं चाललं. पडद्याच्या खालच्या बाजूला एक आकडा वाढत असतो हे त्यांना माहीत होतं. पण तो आपल्या ऐकण्याने वाढतो हे कळलं ते कमिटीच्या टेबलापाशी, हातात ट्रे असताना.

तिथे ते बोलू शकले असते. पण कॉम्प्युटर वाचकांसाठी होता, शिपायाने रोज वापरण्यासाठी नव्हता. आपल्यामुळे संस्थेचा आकडा खोटा ठरला, बाईंना मान खाली घालावी लागेल, ही भीती होतीच. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. पाच शिकलेली माणसं मामींचं कौतुक करत होती. सगळ्यांत पहिली. ते कौतुक आपल्या तोंडाने पुसून टाकायला त्यांची जीभ रेटली नाही.

पंधरा दिवसांनी एका सोमवारी मामांनी डबा उघडला, हेडफोन लावले आणि नेहमीच्या चित्रावर क्लिक केलं. बासरी वाजली. मग एक गोड, घोटलेला आवाज म्हणाला, "नमस्कार, श्रोतेहो."

आपण चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं असं त्यांना वाटलं. ते मागे गेले, पुन्हा आले. पुन्हा बासरी. त्यांनी वरची चित्रं पाहिली, खालची पाहिली, एकेक अक्षर लावत पान वाचून काढलं. घड्याळवाल्याची गोष्ट एकच होती. मग त्यांना वाटलं, ही सुरुवात नवीन असेल, पुढे जुनं लागेल. ते ऐकत राहिले. सातवं मिनिट आलं. घड्याळवाला वेशीपाशी बसला, लोक जमले, कुणी तरी त्याला विचारलं की बाबा रे, तुझ्या पेटीत काय आहे. आठवं मिनिट लागलं. पाणी कुणी मागितलं नाही.

मामांनी डब्याचं झाकण लावलं. अन्न तसंच होतं.

बाईंना सांगायला त्यांना तीन दिवस लागले. तेही सरळ नाही. "बाई, ती जुनी गोष्ट कुठल्या कपाटात... म्हणजे कुठे ठेवलीय?"

"कुठली, मामा?"

"आमच्या हिची."

"तिथेच असेल ना. नवीन शेजारी टाका म्हणून सांगितलं होतं मी." बाईंनी कॉम्प्युटर पुढे ओढला, इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलीला फोन लावला. फोनमधून येणारा आवाज मामांनाही ऐकू येत होता.

"मॅडम, तुम्ही त्याच नावाने फाइल पाठवलीत ना? मग नवीन जुनीवर बसली."

"बसली म्हणजे?"

"म्हणजे जुनी गेली. रविवारी बॅकअप होतो, त्यातही आता नवीनच आहे. तुमच्याकडे मूळ असेलच की. ज्यावर रेकॉर्ड केलं तो मोबाइल?"

बाईंनी तो मोबाइल दोन वर्षांपूर्वी देऊन नवीन घेतला होता. त्यांनी ते सांगितलं. "मी आणखी एका ठिकाणी बघते, थोडे दिवस द्या," पलीकडची मुलगी म्हणाली. "पण मॅडम, एवढी काय गरज आहे? नवीन किती छान आहे! मात्र गंमत बघा, आल्यापासून फक्त नऊ वेळा ऐकलं गेलंय. आधी रोज दोनदा असायचं, दुपारी एक ते चारमध्ये, तुमच्याच इथल्या कॉम्प्युटरवरून."

बाईंनी फोन हळूच खाली ठेवला. दुपारी एक ते चार वाचनालयात कोण असतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"मामा," त्या म्हणाल्या, "ते सगळं तुम्ही?"

"सगळं कसं असेल, बाई. पाच-पन्नास लोकांनी तरी ऐकलं असेलच."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत हो? एक शब्द टाकायचा! साहेबांनी तोंडावर विचारलं तुम्हाला!"

"विचारलं," मामा म्हणाले. "माझंच चुकलं ते."

बाई टेबलावर डोकं ठेवून रडू लागल्या. मामा गडबडले. पलीकडे पेपर वाचणारी दोन म्हातारी माणसं माना वर करून बघत होती. "रडू नका, बाई, वाचक बसलेत," ते हलक्या आवाजात म्हणाले. मग काय करावं ते न सुचून त्यांनी बाईंसाठी पाणी आणलं.

"मी कमिटीला सांगते," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"नको. त्या रेडिओवाल्या ताईंना वाईट वाटेल. त्यांनी मनापासून वाचलंय."

थोडे दिवस द्या म्हटलं होतं, म्हणून मामा रोज बघत राहिले. दुपारी दार ओढून घेऊन क्लिक करायचं, बासरी वाजली की मान खाली घालायची. तरी हेडफोन काढायचे नाहीत. न जाणो, मधूनच जुनं लागेल. सातव्या मिनिटापर्यंत थांबायचं आणि मग बंद करायचं. सव्वा महिना असा गेला. त्यानंतर त्या मुलीचा फोन आला, की सगळीकडे बघितलं, कुठेच नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मामा फक्त "बरं" म्हणाले आणि परत आलेली पुस्तकं कपाटात लावायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते त्या टेबलाकडे फिरकले नाहीत. मागच्या पायरीवर बसून जेवू लागले. वाचता येत होतं, पुस्तकही कपाटात होतं. त्यांनी ते घरी नेलं. आपल्या गतीने पहिलं प्रकरण वाचू, शेजारी बसून ती ओळ सांगतेय असं समजू, असा विचार होता. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ कानात उमटली, पण ती गोड, घोटलेल्या आवाजात. त्यांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, मधलंच पान काढलं. तिथेही तोच आवाज, एकेक शब्द मोत्यासारखा वेगळा. सव्वा महिन्यात त्या बाईने कानात घर केलं होतं. मामी कुठे थांबायच्या, कुठे श्वास घ्यायच्या हे मामांना आठवत होतं. त्याचा हिशेब ते बोटांवर सांगू शकले असते. फक्त ऐकू येत नव्हतं.

पुस्तक त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केलं. रजिस्टरमध्ये पाचवं नाव त्यांचं लागलं. पुढच्या बैठकीत अध्यक्षांना तो आकडा दिसला. "बघा, सुरुवात झाली," ते समाधानाने म्हणाले. बाईंनी मामांकडे पाहिलं. मामा कप गोळा करत होते.

मग मामांनी गोष्टीचा नाद सोडून दिला. त्यांच्या मनात एक वेगळाच विचार आला होता. गोष्ट त्या ताईंनी वाचली, ठीक आहे. पण घरातलं बोलणं काही त्यांनी वाचलेलं नाही. ते तर हिचंच आहे. "दूध वर आलं बघा." "उशी उन्हात टाकलीत का?" आणि सकाळी ते कामाला निघाले, एक पाय उंबऱ्याबाहेर पडला, की आतून हमखास येणारं, "अहो, किल्ली घेतलीत का?" वाचनालयाची किल्ली एकदा घरी विसरली होती, तेव्हापासून शेवटपर्यंत एक सकाळ त्या विचारायच्या राहिल्या नव्हत्या.

ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. मामांनी डबा भरला, शर्टाची बटणं लावली, चपला घातल्या. उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला आणि थांबले.

"अहो, किल्ली घेतलीत का?" कानात आलं. शब्द तेच होते. आवाज रेडिओचा होता.

मामा हलले नाहीत. त्यांनी दार ओढलं नाही. समोरून शाळेची मुलं गेली. दूध घालणाऱ्याने सायकल थांबवून विचारलं, "काय मामा, आज निवांत?" त्यांनी हात वर केला. ऊन पायरीवरून उतरून रस्त्यावर आलं. ते एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून उभे राहिले. आत वळून बघायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं, कारण त्या कधी बाहेर येऊन विचारत नसत, आतूनच विचारत.

एकतीस वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा वाचनालय पाऊण तास उशिरा उघडलं. पायरीवर सात-आठ माणसं खोळंबली होती. पेपरवाली दोन म्हातारी माणसं सगळ्यांत पुढे होती. त्यांतला एक जण म्हणाला, "अहो मामा, काय किल्लीबिल्ली विसरलात की काय?"

"नाही," मामा म्हणाले. "किल्ली होती."

आणि त्यांनी कुलूप काढून, एका बाजूला होऊन, सगळ्यांना आत जाऊ दिलं.